नागरिकशास्त्राचा कायदा : बंधन कोणावर?

(साने गुरुजी स्मृतिदिनानिमित्त बेंगळुरूतील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



११ जून १९५० रोजी साने गुरुजी गेले. त्यांच्या नावानं बोलायला उभं राहणाऱ्यानं विषय निवडताना स्वतःला एक प्रश्न विचारावा, असं मला वाटतं. आपण जे बोलणार, त्याचं शाळेतल्या मुलाशी काही नातं आहे का? म्हणून आज मी शाळेतल्या अशा विषयाबद्दल बोलणार आहे, ज्याचा अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्री उरकला जातो आणि ज्याच्यावाचून आयुष्यभर अडतं. तो विषय म्हणजे नागरिकशास्त्र. राज्यानं कायदा करून ते शाळांत सक्तीचं करावं का, आणि करायचं तर सक्ती नेमकी कोणावर करावी, हा आजचा प्रश्न आहे.

गुरुजींच्या चरित्रातल्या दोन गोष्टी या प्रश्नासाठी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अमळनेरची. १९२४ ते १९३० या काळात ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक रोज स्वतः लिहून काढत. देशात काय चाललंय, जगात काय चाललंय, हे मुलांना रोजच्या रोज कळावं म्हणून एक शिक्षक हातानं वर्तमानपत्र लिहितो! त्यावर परीक्षा नव्हती, गुण नव्हते. दुसरी गोष्ट पंढरपूरची. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले, विहिरी आणि देवळं खुली करण्याचं आवाहन करत राहिले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. कायदा होणार असेल तर गावोगाव कशाला हिंडायचं, असं गुरुजींनी म्हटलं नाही. माणसांची मनं बदलत असतील तर कायदा कशाला हवा, असंही म्हटलं नाही. दोन्ही लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. शाळेतल्या नागरिकशास्त्राचा विचारही याच दोन अंगांनी करावा लागेल.

आधी आपल्या राज्यात काय आहे ते पाहू. कर्नाटकाचा शिक्षण कायदा १९८३ चा. राष्ट्रपतींची संमती वगैरे होऊन तो अमलात आला १९९५ मध्ये. त्याचं सातवं कलम अभ्यासक्रमाबद्दल आहे. अभ्यासक्रमात काय काय घेता येईल याची एक यादी त्यात दिली आहे. तिच्यात राष्ट्रीय एकात्मता आहे, नागरी जाणीव आहे, आणि संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांपैकी बरीच कर्तव्यं आहेत. धर्म, भाषा, प्रांत यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवावा, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडाव्यात, संमिश्र संस्कृतीचा वारसा जपावा, वैज्ञानिक दृष्टी आणि चिकित्सक वृत्ती अंगी बाणवावी, सार्वजनिक मालमत्ता सांभाळावी. यादी सुंदर आहे. पण या सगळ्या गोष्टी अभ्यासक्रमात घेण्याची सरकारला मुभा आहे, बंधन नाही. शिवाय यादी कर्तव्यांची आहे. मुलाचे हक्क कोणते, ते डावलले गेले तर त्यानं कोणाकडे जायचं, आणि समोरच्यानं किती दिवसांत उत्तर द्यायचं, याबद्दल ती काही सांगत नाही.

केंद्राचा २००९ चा शिक्षणहक्क कायदा थोडा पुढे जातो. त्याच्या एकोणतिसाव्या कलमानुसार अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत असायला हवा. हे बंधन आहे खरं, पण ते अभ्यासक्रम आखणाऱ्या संस्थेपाशी थांबतं. शाळेतल्या मंगळवारच्या चौथ्या तासापर्यंत ते पोचत नाही.

एखादा विषय कायद्यानं सक्तीचा करणं राज्यांना जमत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. कर्नाटकानं २०१५ मध्ये कन्नड भाषा अध्ययनाचा कायदा केला आणि राज्यातल्या शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक केलं. महाराष्ट्रानं २०२० मध्ये मराठीसाठी तसाच कायदा केला. तो न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ज्या राज्यात राहतो त्या राज्याची भाषा मुलाला यायलाच हवी, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. बेंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलाला कन्नड उत्तम यावं, हे गुरुजींच्या आंतरभारतीच्या, म्हणजे प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकण्याच्या, स्वप्नाशी पूर्ण जुळणारं आहे. मी एवढंच दाखवतो आहे, की ज्या गोष्टीची खरी निकड वाटते तिच्यासाठी विधिमंडळ कायदा करतं, तपासणी लावतं, दंड ठेवतं. राज्याची भाषा आली पाहिजे ही निकड दोन्ही विधिमंडळांना वाटली. राज्य कसं चालतं हे कळलं पाहिजे, ही निकड त्यांना अजून तितकी वाटलेली नाही.

याला इतिहासही कारण आहे. आपल्याकडे हा विषय आला तो इंग्रजी अमदानीत. मुंबई इलाख्यात अधिकारी म्हणून काम केलेले विल्यम ली-वॉर्नर यांनी १८९७ मध्ये 'द सिटिझन ऑफ इंडिया' हे शाळांसाठीचं पुस्तक लिहिलं. ज्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून लोक पेटले होते आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्याच वर्षी! राज्यकारभार कसा चालतो हे हिंदी मुलांना समजावून सांगायचं आणि तो चालवणाऱ्यांविषयी आदर निर्माण करायचा, अशी त्या काळच्या नागरिकशास्त्राची घडण होती. नागरिक होण्याचा हक्क ज्यांना मिळालेलाच नव्हता, त्यांना नागरिकाची कर्तव्यं शिकवली जात होती. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं या वसाहतकालीन वारशावर नेमकं बोट ठेवलं. नागरिकशास्त्राच्या जागी राज्यशास्त्र आणावं, शासनसंस्थांच्या वर्णनापेक्षा रोजच्या जगण्यातलं राजकारण मुलांना दाखवावं, असं त्यानं सुचवलं. एनसीईआरटीची सहावी ते आठवीची पुस्तकं त्यातून खरोखर बदलली. महाराष्ट्रातही वरच्या इयत्तांच्या पुस्तकांवर आता राज्यशास्त्र असं नाव दिसतं.

पुस्तकं बदलली, तास मात्र बदलला नाही. कर्नाटकात दहावीच्या, म्हणजे एसएसएलसीच्या, समाजविज्ञानाच्या पुस्तकात सहा विभाग आहेत : इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन. या सहांची मिळून एकच ८० गुणांची लेखी परीक्षा. मार्चची परीक्षा जवळ आली की शिक्षक काय करणार? कोणत्या विभागातून किती गुण मिळतात ते पाहून शिकवणार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्यांना जे मोजायला लावलं आहे, तेच ते मोजतात.

गेल्या काही वर्षांत या बाबतीत सरकारांनी काही चांगली पावलं टाकली, ती मोकळ्या मनानं मान्य करायला हवीत. महाराष्ट्रात जानेवारी २०२० मध्ये शाळांच्या परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन सुरू करण्याचा निर्णय झाला. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं जून २०२३ मध्ये शाळा-महाविद्यालयांत उद्देशिकेचं वाचन सक्तीचं केलं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, लोकशाही दिनी, विधानसौधासमोर आणि राज्यभर सामुदायिक वाचन झालं. पुढच्या वर्षी त्याच दिवशी बिदरपासून चामराजनगरपर्यंत सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीची मानवी साखळी उभी राहिली. लाखो मुलांच्या तोंडी न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द रोज येतात, ही लहान गोष्ट नव्हे.

तरी इथे थोडं थांबायला हवं. १९८५ मध्ये केरळात यहोवाज विटनेसेस पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकलं गेलं. राष्ट्रगीत चालू असताना ती मुलं आदरानं उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती गात नसत. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये मुलांच्या बाजूनं निकाल दिला. आदरानं उभं राहणं पुरेसं आहे, गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही आणि मुलांचं निष्कासन त्यांच्या मूलभूत हक्कांचं उल्लंघन आहे, असं न्यायालयानं सांगितलं. नागरिकशास्त्राचा कायदा करायला निघालेल्या प्रत्येक मंत्र्यानं हा निकाल वाचला पाहिजे. मुलाच्या ओठांवर सक्ती करण्याची एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या संविधानातूनच आलेली आहे. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत म्हणाले होते, की संविधानिक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. जोपासायची तर मुलाला ती आपल्या अवतीभवती चालताना दिसली पाहिजे.

मग ती बेंगळुरूतल्या मुलाला कुठे दिसते? पुस्तकात धडा असतो स्थानिक स्वराज्य संस्थांचा. महापालिका असते, नगरसेवक असतात, महापौर असतो, पाणी, रस्ते, दिवे, कचरा हे महापालिकेचं काम असतं. आता हा धडा वाचून मुलानं खिडकीबाहेर पाहावं. नळाला पाणी येतं ते १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जलमंडळीकडून, आणि ती राज्य सरकारच्या अखत्यारीत आहे. जमिनीचे आराखडे बेंगळुरू विकास प्राधिकरण (बीडीए) करतं, वीज बेसकॉम देतं, बस बीएमटीसीची, मेट्रोची कंपनी आणखी वेगळी. यांतल्या कोणालाही मुलाच्या घरच्यांनी महापालिकेच्या निवडणुकीत निवडून दिलेलं नाही. ज्यांना निवडून द्यायचं, ते तर जागेवरच नव्हते. बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली. त्यानंतर पाच वर्षं उलटली तरी शहराला नगरसेवक मिळाले नव्हते. मधल्या काळात ग्रेटर बेंगळुरू कारभाराचा नवा कायदा आला, २०२५ मध्ये एकाच्या पाच महापालिका झाल्या, पण कारभार प्रशासकांच्याच हाती राहिला. २०२० मध्ये पाचवीत असलेलं मूल २०२५ मध्ये दहावीत पोचलं. शालेय वयातलं त्याचं सगळं नागरिकशास्त्र नगरसेवकाशिवायच्या शहरात झालं. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा धडा त्यानं पाठ केला असेल, तर त्यातून तो काय शिकला? लिहिलेलं एक असतं आणि चालतं दुसरंच, हे शिकला. हा धडा त्याला आपण मोठ्यांनी दिला.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बेंगळुरूच्या तिन्ही शहरी मतदारसंघांत मतदान ५५ टक्क्यांच्या आत राहिलं. राज्याचा आकडा ७० टक्क्यांच्या आसपास होता. दर वेळी आपण म्हणतो, शहरी तरुण उदासीन आहेत, त्यांना नागरिकशास्त्र शिकवा. मला वाटतं, ते शिकलेच आहेत. आपल्या बोलण्यानं काही हलत नाही, हे त्यांना अनुभवानं शिकवलं गेलं आहे. हा अनुभव बदलल्याशिवाय नुसता तास वाढवून काही साधणार नाही.

जगात या प्रश्नावर राज्यांनी कायदे केले आहेत, आणि त्यांतले दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत अॅरिझोना राज्यानं जानेवारी २०१५ मध्ये कायदा केला. परदेशातून आलेल्यांना नागरिकत्व देताना तेव्हा ज्या १०० प्रश्नांतून विचारत, त्यांचीच परीक्षा शाळेतल्या मुलांनी द्यायची आणि ६० उत्तरं बरोबर आल्याशिवाय शालान्त प्रमाणपत्र मिळणार नाही, असा तो कायदा होता. त्यानंतर अनेक राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या कायद्यानुसार आठवीत एकदा आणि माध्यमिक शाळेत पुन्हा एकदा, मुलांनी स्वतः निवडलेला आणि पक्षनिरपेक्ष असा नागरी प्रकल्प करण्याची संधी शाळेनं द्यायची. आपल्या परिसरातला प्रश्न शोधायचा, त्याची मुळं तपासायची, निर्णय कोण घेतं ते हुडकायचं आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं. पहिल्या कायद्यात बंधन मुलावर आहे, दुसऱ्यात शाळेवर. मला दुसरा जवळचा वाटतो. पण तोही अर्ध्यावर थांबतो. मूल दार ठोठावेल. आतल्या माणसानं दार उघडायचं की नाही, हे तो कायदा सांगत नाही.

ते सांगणारी कल्पना आपल्या कर्नाटकातच जन्मली, आणि तिचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. बेंगळुरूतल्या 'द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन' या संस्थेनं १९९० च्या दशकात उडुपी जिल्ह्यातल्या कुंदापूर परिसरात मुलांच्या पंचायती उभ्या केल्या. काम करणारी, शाळेत जाणारी, दोन्ही प्रकारची मुलं त्यांत होती. मुलं आपल्या गावाची माहिती स्वतः गोळा करत. पावसाळ्यात ओढे भरतात आणि शाळेची वाट तुटते, तेव्हा त्या भागात 'कालुसंक', म्हणजे पायी जाण्याचा छोटा पूल, लागतो. कुठे तो नाही, किती मुलं त्यामुळे अडकतात, हे मुलांनी मांडलं आणि पंचायतीपुढे ठेवलं. यातून पुढे मक्कळ ग्रामसभा आली. २००६ च्या सुमारास राज्य सरकारनं आदेश काढून सर्व ग्रामपंचायतींना वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा भरवायला सांगितलं. आज राज्यात सुमारे सहा हजार ग्रामपंचायती आहेत. या सभेत मुलं बोलतात. पंचायतीचे अध्यक्ष, पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), शिक्षण आणि आरोग्य खात्याचे लोक समोर बसून ऐकतात. शाळेला कुंपण नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, शाळेच्या वाटेवर दारूचं दुकान आहे, बस वेळेवर येत नाही, असे प्रश्न येतात. मागच्या सभेत मागितलेल्या गोष्टींचं काय झालं, हे पंचायतीनं सांगणं अपेक्षित असतं.

या आदेशाची घडण नीट पाहा. मुलानं हे पाठ करावं, ते म्हणून दाखवावं, असं त्यात काही नाही. बंधन आहे ते पंचायतीवर. सभा तिनं बोलवायची, माहिती तिनं द्यायची, उत्तर तिनं द्यायचं. मला आज जे एकच म्हणायचं आहे ते इथे आहे : नागरिकशास्त्राचा कायदा जरूर व्हावा, पण तो मुलांना बांधणारा नसावा, मोठ्यांना बांधणारा असावा. ज्याच्या प्रश्नाला सत्तेतल्या माणसानं एकदा तरी गंभीरपणे उत्तर दिलं आहे, ते मूल नागरिक व्हायला सुरुवात करतं. हे उत्तर मिळण्याची खात्री शिक्षक देऊ शकत नाही, पालक देऊ शकत नाहीत. ती फक्त कायदा देऊ शकतो.

मक्कळ ग्रामसभा सगळीकडे छान चालते, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी ती नावापुरती उरकली जाते, भाषणं मोठ्यांचीच होतात आणि मुलं टाळ्या वाजवून घरी जातात. याचं एक कारण उघड आहे. सरकारी आदेशाला जो धाक असतो, तो त्या खात्यातला सचिव बदलेपर्यंत टिकतो. म्हणून ही सभा कायद्यात आली पाहिजे. दुसरी उणीव आणखी मोठी आहे. ही सोय गावातल्या मुलांना आहे, शहरातल्या मुलांना नाही. कुंदापूरकडच्या केराडी गावातलं मूल पंचायत अध्यक्षाला प्रश्न विचारू शकतं. बेंगळुरूतल्या केंगेरीच्या मुलानं कोणाला विचारायचं?

शहरात हे काम संस्थांनी आपल्या परीनं केलं आहे. १९९० च्या दशकात सॅम्युअल पॉल यांनी इथेच नागरी सेवांचं प्रगतिपुस्तक काढलं. शहरातल्या संस्थांना लोकांनी गुण द्यायचे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. त्यांच्या पब्लिक अफेअर्स सेंटरच्या आणि स्वाभिमान या उपक्रमाच्या पुढाकारानं २००० मध्ये मुलांची नागरी जाणीव चळवळ, म्हणजे सीएमसीए, सुरू झाली आणि शाळाशाळांत नागरी मंडळं निघाली. जनाग्रह या संस्थेनं बाल जनाग्रह हा उपक्रम चालवला. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात २००९ मध्ये सुरू झालेला मूल्यवर्धन हा कार्यक्रम पुढे राज्यभर गेला. ही सगळी मोलाची कामं आहेत. पण मुख्याध्यापकांची इच्छा असेल तर ती शाळेत येतात, नसेल तर येत नाहीत. ज्या शाळेत संस्था पोचत नाही, तिथल्या मुलाचं काय? तेवढ्यासाठी कायदा हवा.

आता शिक्षकांविषयी बोललं पाहिजे. आपल्याकडचा शिक्षक निवडणुकीत केंद्राध्यक्ष असतो, मतदार यादीचं काम करतो, जनगणना करतो. नाव नोंदवायचा सहा नंबरचा अर्ज कसा भरतात, मतदान यंत्र कसं मोहोरबंद होतं, हे या देशात सर्वांत नीट कोणाला ठाऊक असेल तर प्राथमिक शिक्षकाला. आणि वर्गात शिकवताना हाच माणूस राजकारण हा शब्द उच्चारायला घाबरतो. पालक तक्रार करतील, कोणी चित्रफीत काढून पसरवेल, बदली होईल, ही भीती खरी आहे. पाठ्यपुस्तकं तर दर सत्तांतरात हलतात. जुलै २०२० मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं (सीबीएसई) अभ्यासक्रम कमी करताना अकरावीतून संघराज्य, नागरिकत्व, राष्ट्रवाद आणि धर्मनिरपेक्षता हे धडे त्या वर्षापुरते गाळले. कर्नाटकात २०२२ मध्ये पाठ्यपुस्तक पुनरीक्षण समितीनं केलेल्या बदलांवरून मोठं वादळ झालं. नववीच्या पुस्तकातून आंबेडकरांचा संविधानशिल्पी हा उल्लेख गेला, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि तो परत घेतला गेला. २०२३ मध्ये नव्या सरकारनं आधीच्या सरकारचे बदल काढले. माझी मतं काय आहेत ते बाजूला ठेवतो. पाच वर्षांत तीनदा हललेलं पुस्तक हाती घेऊन शिक्षकानं ठामपणे काय शिकवावं?

जर्मनीला हा प्रश्न आपल्याआधी पडला. शाळा सत्तेच्या हातात गेल्यावर काय होतं, ते त्या देशानं पाहिलं होतं. १९७६ मध्ये बॉइटेल्सबाख या गावी तिथले राज्यशास्त्राचे शिक्षक-अभ्यासक जमले, आणि त्या चर्चेतून तीन नियम रूढ झाले. शिक्षकानं आपलं मत मुलावर लादू नये. समाजात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावं, एकच बाजू सांगू नये. आणि मुलाला स्वतःचं हित ओळखून राजकीय परिस्थिती तपासता यावी, असं त्याला तयार करावं. हे तीन नियम आपल्या कायद्यात आले तर ते शिक्षकाचं चिलखत होतील. दोन्ही बाजू मांडल्या म्हणून त्याच्यावर कारवाई करता येणार नाही, आणि एकच बाजू रेटण्याचा हुकूम वरून आला तर त्याला कायदा दाखवता येईल.

मराठी म्हणून आपल्याला आणखी एक गोष्ट दिसते, ती मांडणं मला कर्तव्य वाटतं. कर्नाटकाची पाठ्यपुस्तकं मराठीतही छापली जातात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुलं कर्नाटकाचं नागरिकशास्त्र मराठीतून वाचतात. सीमाप्रश्न त्या मुलांच्या घरात बोलला जातो, रस्त्यावर दिसतो, फक्त वर्गात त्याचं नाव निघत नाही. त्या मुलाला संविधानाचं ३५० वं कलम शिकवलं पाहिजे. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपली तक्रार मांडण्याचा हक्क ते कलम देतं. १९५६ मध्ये आलेलं ३५० अ हे कलम शिकवलं पाहिजे, ज्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यांनी सोयी कराव्यात असं सांगितलं आहे. हीच कलमं सोलापूर-अक्कलकोटकडच्या कन्नड माध्यमातल्या मुलांनाही शिकवली पाहिजेत. दगड उचलण्याआधी अर्ज लिहिता येणं, घोषणा देण्याआधी कलम माहीत असणं, हे दोन्हीकडच्या मुलांना आलं, तर सीमाभागातल्या पुढच्या पिढीचं बोलणं वेगळं होईल.

मग कायदा कसा असावा? कर्नाटकाच्या राज्य शिक्षण धोरण आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारला अहवाल दिला. त्या आयोगाचे अध्यक्ष सुखदेव थोरात, आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ. धोरणाच्या पानावरून कायद्याच्या पानावर काय न्यायचं, हे ठरवण्याचा काळ म्हणूनच योग्य आहे. माझ्या मते पाच गोष्टी शिक्षण कायद्यात आणि नगरपालिका-पंचायत कायद्यांत याव्यात.

एक, सातव्या कलमातली मुभा बंधनात बदलावी, आणि त्या यादीत कर्तव्यांबरोबर हक्क यावेत. आठवड्यातला एक तास राखून ठेवावा, पण त्याची वेगळी लेखी परीक्षा असू नये. दोन, गावात मक्कळ ग्रामसभा आणि शहरात प्रत्येक वॉर्डात मुलांची सभा वर्षातून दोनदा घेणं हे त्या त्या स्थानिक संस्थेवर बंधनकारक करावं. शहरात जलमंडळी, बेसकॉम, बीएमटीसी यांच्या अधिकाऱ्यांनीही हजर राहावं. तीन, मुलांच्या प्रत्येक मागणीला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं, आणि मागणी नाकारली तर कारण द्यावं. कारणासहित नकार हासुद्धा नागरिकशास्त्राचा उत्तम धडा आहे. पैसे किती आहेत, आधी काय करायचं ठरलं आहे, कायद्यात काय बसत नाही, हे मुलाला त्यातून कळतं. चार, शाळेतल्या शाला संसत्तुला, ज्याला महाराष्ट्रात आपण मंत्रिमंडळ म्हणतो, शाळेच्या खर्चातला छोटासा पण खरा वाटा ठरवू द्यावा. वाचनालयात कोणती पुस्तकं यावीत, खेळाचं कोणतं साहित्य घ्यावं, हे मुलांनी हिशेबासकट ठरवावं. पाच, पाठ्यपुस्तक बदलायचं असेल तर मसुदा जाहीर व्हावा, हरकती मागवाव्यात, प्रत्येक बदलाचं कारण छापावं, आणि वादग्रस्त विषय दोन्ही बाजूंनी मांडणाऱ्या शिक्षकाला संरक्षण असावं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की सरकारच्या हाती असा कायदा दिला तर ते त्याचा प्रचारासाठी वापर करील. भीती रास्त आहे, आणि म्हणूनच मी सांगितलेल्या पाचांपैकी चार गोष्टी सरकारवरची आणि संस्थांवरची बंधनं आहेत. दुसरा आक्षेप, की मुलांना राजकारणात ओढू नका. मुलं राजकारणातच राहतात. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत बोअर आटल्या, टँकरचे भाव चढले, कुठे अंघोळी बंद झाल्या. कोणत्या वस्तीला नळ मिळणार, कोणत्या तलावावर वसाहत होणार, हे निर्णय कोणीतरी कुठेतरी घेतले होते. ते मुलाला समजावून सांगण्याला पक्षीय राजकारण म्हणता येणार नाही. ते न सांगणं ही मात्र त्याची फसवणूक आहे.

कायदा व्हायला वर्षं लागतील. तोवर आपण काय करायचं, हे सांगून थांबतो. आपल्यापैकी अनेकांची मुलं या शहरातल्या खासगी शाळांत शिकतात. आपल्या घराजवळ एखादी सरकारी कन्नड शाळा असते, तिथे बहुतेक वेळा पौरकार्मिकांची, म्हणजे सफाई कामगारांची, बांधकाम मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुलं असतात. या दोन्ही शाळांच्या मुलांची एकत्र सभा घेता येईल. रस्ता एकच आहे, कचरा एकच आहे, पाण्याची वेळही एकच आहे. वॉर्डाच्या अधिकाऱ्याला त्या सभेला बोलवा. तो आला नाही तर मुलांनाच पत्र लिहू द्या, कन्नडमध्ये आणि मराठीतही, आणि पत्राची पोच मागायला शिकवा. उत्तर आलं तर ते वर्गात वाचा. नाही आलं तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज कसा करतात ते दाखवा. आणि अशा पत्रांची फाईल वर्षअखेरीस आपल्या आमदारांकडे घेऊन जा आणि त्यांना सांगा, की या पत्रांना उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक करा.